वाचकांचे प्रश्न : उपदेशातील गोष्ट आणि शास्त्रभाग

प्रश्न : आमच्या मंडळीत पाळकसाहेब महिन्यातून दोनदाच येतात, इतर रविवारी उपदेशाची जबाबदारी आम्हा वडीलजनांवर असते. मी उपदेशात गोष्टी सांगतो आणि त्या लोकांना आवडतात. परंतु आठवड्याने विचारले तर गोष्ट सर्वांना आठवते, शास्त्रभाग कोणालाच नाही. एक ज्येष्ठ सभासद म्हणतात, की व्यासपीठावरून केवळ वचन सांगावे आणि गोष्टी शब्बाथशाळेतील मुलांसाठी ठेवाव्यात. त्यांचे म्हणणे मानावे काय? — एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : त्यांची तक्रार खरी आहे, पण त्यांनी सुचवलेला उपाय पटण्याजोगा नाही. केवळ वचन सांगावे म्हणताना त्या वचनाचाच केवढा भाग गोष्टीरूप आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटलेले दिसते. प्रभू येशू दाखल्यांवाचून, म्हणजे बोधपर गोष्टींवाचून, लोकांशी बोलत नसे असे मार्काच्या चौथ्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे, आणि ते श्रोते काही शब्बाथशाळेतील मुले नव्हती. तेव्हा गोष्ट सोडण्याचे कारण नाही. तिच्याकडून आपण कोणते काम करून घेतो, हे मात्र तपासले पाहिजे.

बहुतेक उपदेशांत बोध आधी ठरतो, तो सांगून होतो आणि मग तो गोड लागावा म्हणून एखादी गोष्ट जोडली जाते. अशी गोष्ट गाळली तरी उपदेशाचे काही बिघडत नाही, आणि म्हणूनच ती शास्त्रभागापासून सुटून एकटीच लक्षात राहते. शास्त्रातील गोष्टी अशा गाळता येत नाहीत. २ शमुवेल १२ मध्ये नाथान संदेष्टा दावीदाकडे जातो, तेव्हा ज्या उरीयाला मारवून राजाने त्याची पत्नी बथशेबा आपलीशी केली, त्या दोघांचे नावही न काढता तो एका श्रीमंताने हिरावून घेतलेल्या गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची हकिगत सांगतो. राजा ती न्यायाधीशाच्या आसनावरून ऐकतो, संतापतो, त्या श्रीमंताला मरणदंड योग्य आहे असे बोलून जातो, आणि मगच "तो मनुष्य तूच आहेस" हे वाक्य येते. आरोप आधी झाला असता तर राजाला बचाव शोधता आला असता. येथे निकाल त्याच्याच तोंडून बाहेर पडला होता.

लूक १० मधील शास्त्र्याचेही, म्हणजे नियमशास्त्राच्या पंडिताचेही, असेच होते. "माझा शेजारी कोण?" या त्याच्या प्रश्नाला प्रभू व्याख्या देत नाही. लुटारूंनी जखमी केलेल्या मनुष्याला याजक आणि लेवी टाळून जातात व परका शोमरोनी मदत करतो, ही गोष्ट सांगून झाल्यावर तो उलट त्यालाच विचारतो, की त्या तिघांपैकी लुटारूंच्या हाती सापडलेल्या मनुष्याचा शेजारी कोण झाला. शास्त्र्याच्या तोंडून 'शोमरोनी' हे नाव निघत नाही. दया करणारा तो, एवढेच तो म्हणतो. आपण मात्र या दाखल्यावर बोलताना गरजूंना मदत करावी एवढा बोध काढून मोकळे होतो, आणि यहुदी श्रोत्याला शोमरोनी मनुष्य किती नकोसा होता हे सांगतच नाही. वाटणी उधळून घरी परतलेल्या धाकट्या मुलाला पिता मिठी मारतो, त्या उधळ्या पुत्राच्या दाखल्याची तर आपण याहून मोठी मोडतोड करतो. लूक १५ च्या आरंभी परूशी (नियम काटेकोर पाळणारे यहुदी) आणि शास्त्री कुरकुर करतात, की हा पापी लोकांबरोबर जेवतो. दाखला त्यांना उद्देशून आहे, आणि म्हणूनच तो पित्याच्या मिठीशी संपत नाही. थोरला मुलगा घराबाहेर रुसून उभा आहे, पिता त्याची समजूत घालत आहे, आणि तो आत गेला की नाही हे लूक सांगत नाही. आपले बहुतेक उपदेश मिठीपाशी थांबतात, कारण तेथे डोळे पाणावतात. मंडळीत वर्षानुवर्षे नियमाने येणाऱ्यांना उद्देशून असलेला भाग त्यामुळे राहूनच जातो.

याबाबतीत आपल्याकडची कीर्तनाची पद्धत उपयोगी पडेल. पूर्वरंगात मूळ पदाचे निरूपण होते, उत्तररंगात आख्यान येते, आणि आख्यान कितीही रंगले तरी कीर्तनकार शेवटी मूळ पदाकडे परततो. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर भागातील कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले, ते याच चौकटीत. आपणही गोष्ट संपताच बोध न सांगता शास्त्रभागातील तेच वचन पुन्हा मोठ्याने वाचावे. गोष्टीने त्या वचनात काही नवे दिसू लागले नसेल, तर ती त्या रविवारची गोष्ट नव्हे; मग ती कितीही आवडती असो.

प्रश्न : रेल्वेच्या पुलावरील कर्मचारी गाडीतील प्रवाशांना वाचवण्यासाठी आपल्या मुलाचा बळी जाऊ देतो, ही गोष्ट मोबाइलवर खरी घटना म्हणून फिरते. वधस्तंभावरील उपदेशात ती सांगावी काय? — एक वाचक, पुणे

उत्तर : मी सांगणार नाही. ही गोष्ट निरनिराळ्या देशांच्या आणि गावांच्या नावांनी सांगितली जाते, यावरूनच ती घटना म्हणून सांगणाऱ्याने सावध व्हावे. प्रभूने "एक मनुष्य यरुशलेमहून यरीहोस चालला होता" अशी सुरुवात केली. त्या मनुष्याचे नाव, गाव, तारीख देऊन पुरावा उभा केला नाही. कल्पित गोष्ट कल्पित म्हणून सांगण्यात कमीपणा नाही. ती सत्यघटना म्हणून सांगितली आणि एखाद्या तरुणाने फोनवर तपासून पाहिली, तर पुढच्या रविवारी पुनरुत्थानाबद्दलचे आपले बोलणेही तो त्याच नजरेने ऐकेल.

याहून गंभीर अडचण शिकवणुकीची आहे. त्या गोष्टीतील मुलगा नकळत यंत्रात सापडतो. त्याला कोणी विचारलेले नसते. योहान १० मध्ये प्रभू म्हणतो, की माझा प्राण माझ्यापासून कोणी घेत नाही, मी होऊन तो देतो. ऐकणाऱ्यांचे डोळे ओले होतात खरे, पण वधस्तंभाचे जे चित्र त्यांच्या मनात उरते, ते शुभवर्तमानातले नसते.

मंडळीतील कोणाची खाजगी हकिगत नाव बदलून सांगणेही टाळावे. छोट्या गावात नाव बदलल्याने काही लपत नाही, आणि पाळकाजवळ मन मोकळे करण्यास पुढे कोणी धजत नाही.

प्रश्न : संतांच्या किंवा पंचतंत्रातील गोष्टी उपदेशात चालतील काय? — एक वाचक, मडगाव

उत्तर : चालतील. अथेन्समध्ये पौलाने ग्रीक कवींचीच ओळ आधाराला घेतली (प्रेषितांची कृत्ये १७), आणि आपल्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी पुराणे ऐकण्याची सवय असलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांसाठी १६१६ मध्ये राशोल येथे 'क्रिस्तपुराण' ओव्यांमध्ये छापले. अट एवढीच, की ती गोष्ट ज्यांची आहे त्यांच्यापैकी कोणी समोर बसले असेल, तर त्यालाही ती आपली म्हणून ओळखता यावी. शेवटी संताला कमी लेखण्यासाठी गोष्ट वाकवायची असेल, तर ती मुळात घेऊच नये.