पाणलोट, धार आणि नदीला न फुटणाऱ्या शाखा

एका छोट्या नदीच्या वर्णनातले एक वाक्य देऊन त्यातला ‘पाणलोट’ हा शब्द बरोबर आहे का, अशी विचारणा झाली आहे. वाक्य असे आहे : ‘या नदीला उगमापासून मुखापर्यंत नऊ शाखा फुटल्या असून तिच्या पाणलोटावर पडणारा पाऊस दोन नद्यांमध्ये विभागला जातो.’ प्रश्न पाणलोटाचा असला, तरी मला आधी ‘शाखा फुटल्या’ हेच खटकले, कारण हा प्रयोग हल्ली सतत कानावर येतो आणि तो पाण्याची दिशाच उलटी करतो.

झाडाला फांदी फुटते, रस्त्याला फाटा फुटतो. फुटणे म्हणजे मुख्य अंगातून बाहेर निघणे. ओढा नदीतून निघत नाही, तो नदीला मिळतो. गोदावरीला मांजरा, प्राणहिता आणि इंद्रावती मिळतात. तिला फाटे फुटतात ते राजमहेंद्रीच्या खाली, समुद्र जवळ आल्यावर, जेथे तिचे गौतमी आणि वसिष्ठा असे प्रवाह होतात. नकाशावर दोन्ही चित्रे निळ्या फांद्यांसारखी दिसतात आणि भूगोलाच्या पुस्तकांतही ‘वृक्षाकार जलप्रणाली’ असे म्हटलेले असते, पण तो शब्द आकारापुरता आहे. (जाता जाता : ही ‘प्रणाली’ आणि कौलांखालची ‘पन्हळ’ या एकाच घराण्यातल्या.) अमेरिकी जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५ साली मांडलेल्या आणि पुढे भूगोलतज्ज्ञ आर्थर स्ट्रालर यांनी सुधारलेल्या, प्रवाहांना क्रम देण्याच्या पद्धतीतही प्रवाहांची मोजणी टोकाच्या ओहोळांपासून सुरू होते. ज्याला दुसरा कोणताही प्रवाह मिळत नाही तो पहिल्या क्रमाचा, पहिल्या क्रमाचे दोन एकत्र आले की दुसऱ्या क्रमाचा, आणि असेच खाली. तेव्हा ‘नऊ ओढे मिळतात’ असेच लिहिले पाहिजे.

आता पाणलोट. ‘लोट’ हा लोटणे या क्रियापदातला, म्हणजे धुराचे लोट आणि लोटांगण यांच्या नात्यातला शब्द आहे. ज्या उतारांवरून पाणी लोटत एका जागी येते, तो सगळा प्रदेश म्हणजे पाणलोट. त्याला क्षेत्रफळ असते, म्हणून ती रेषा असू शकत नाही. खोऱ्याशी त्याचा फरक एवढाच, की खोरे नदीचे असते, तर पाणलोट कोणत्याही ठिकाणाचा मोजता येतो. धरणाचे पाणलोट क्षेत्र आपण म्हणतो, धरणाचे खोरे म्हणत नाही. विचारलेल्या वाक्यातला पाऊस विभागला जातो तो पाणलोटावर नव्हे, पाणलोटाच्या कडेवर. हा घोटाळा मूळ इंग्रजीतला आहे. ‘वॉटरशेड’मधल्या ‘शेड’चा अर्थ वेगळे करणे असा होता, केसांच्या भांगालाही तोच शब्द होता, आणि त्यामुळे वॉटरशेड म्हणजे आधी पाण्याचा भांग, म्हणजे रेषा. पुढे अमेरिकेत तोच शब्द रेषेच्या आतल्या सगळ्या प्रदेशाला लावला गेला, आणि आपल्या भाषांतरकारांनी दोन्ही अर्थ एकट्या पाणलोटाच्या माथी मारले.

परिभाषा घडवणाऱ्यांनी त्या रेषेसाठी ‘जलविभाजक’ असा शब्द केला. अर्थ चुकीचा नाही, पण मराठीत शब्दच नव्हता अशा समजुतीने तो घडवला गेला, हे मला मान्य नाही. ‘डोंगराची धार’ हा प्रयोग आपल्याकडे आहेच. सह्याद्रीची मुख्य धार म्हटले की तिच्या पूर्वेचे पाणी बंगालच्या उपसागराकडे आणि पश्चिमेचे अरबी समुद्राकडे जाते, हे वेगळे सांगावे लागत नाही. आणि या शब्दाचे खरे वैभव असे, की पाण्याचीही धारच असते. संस्कृतातल्या ‘धारा’चेही हेच दोन अर्थ आहेत : वाहता ओघ आणि शस्त्राची पातळ कड. काही कोशकार यांच्या दोन स्वतंत्र नोंदी करून दोन निराळे शब्द मानतात. ध्वनिबदलांच्या हिशेबात ते सोयीचे असेल, पण ज्याने डोंगर पाहिला आहे त्याला ते पटणार नाही. विळीचे पाते नळाखाली उभे धरून पाहावे : नळाची धार विळीच्या धारेवर येते आणि दोन बाजूंना दुभंगून पात्याच्या दोन्ही अंगांनी उतरते. डोंगरावर हेच घडते. दोन उतार वर जेथे मिळतात ती कड धार, आणि दोन उतार खाली जेथे मिळतात तेथे वाहते तीही धार. एकच घडी उलटी-सुलटी केली, एवढाच फरक आहे. माझ्या मते दोन्ही अर्थ एकाच कल्पनेतून निघालेले आहेत आणि जोडलेले शब्द तोडण्याआधी कोशकारांनी याचा विचार करायला हवा होता.

या धारेकडे नीट पाहिले की त्या वाक्यातले ‘फुटणे’ही आपल्या जागी बसते, फक्त ते नदीकडून काढून डोंगराला द्यावे लागते. शेजारच्या दोन ओढ्यांचे पाणी एकमेकांत न जाता वेगवेगळे उतरते, कारण त्यांच्या मधे एक सोंड असते, आणि ही सोंड मुख्य धारेतूनच निघून नदीच्या दिशेने खाली उतरत जाते. तिलाही पुढे लहान सोंडा फुटतात, आणि त्यांच्या बेचक्यांत पहिल्या क्रमाचे ओहोळ सुरू होतात. म्हणून ते वाक्य मी असे लिहीन : ‘या नदीला नऊ ओढे मिळतात, तिच्या पाणलोटाच्या कडेने जाणाऱ्या धारेवर पाऊस दोन नद्यांत विभागला जातो, आणि त्याच धारेला फुटलेल्या सोंडा हे ओढे एकमेकांपासून वेगळे ठेवतात.’