सतरा अधिक नऊ किती? छोट्या कारखान्यातली एचआरची नोकरी

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एचआरमध्ये करिअर करायचं आहे. ओळखीतून एका छोट्या मशिनिंग कारखान्यात 'एचआर-ॲडमिन' म्हणून नोकरी मिळते आहे. तिथे १७ जण पगारपत्रकावर आहेत आणि ९ जण ठेकेदाराचे. मालक म्हणाले, "आपण वीसच्या आत आहोत, त्यामुळे पीएफची कटकट नाही. हजेरी, पगार आणि भरती तेवढी सांभाळायची." घरचे म्हणतात, आधी एमबीए कर. मी मुळात कमी बोलणारी आहे. एचआरमध्ये माझा निभाव लागेल का?

उत्तर : निभावाचं नंतर बघू, आधी मालकांचं वाक्य तपासू. भविष्यनिर्वाह निधीसाठी २० माणसं मोजताना ठेकेदारामार्फत आलेली माणसंही धरतात. म्हणजे तुझ्या होऊ घातलेल्या कारखान्यात २६ जण आहेत आणि पीएफ लागू आहे. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून पत्नीच्या किंवा भावाच्या नावाने दुसरी फर्म काढून माणसं वाटून टाकतात. पण जागा, यंत्रं, पैसा आणि देखरेख एकच असेल तर भविष्यनिर्वाह निधी कार्यालय दोन्ही फर्म एकच आस्थापना धरू शकतं. एकदा कायदा लागू झाला की पुढे संख्या कमी झाली म्हणून सुटकाही होत नाही.

हे मालकांना आज न कळता तीन वर्षांनी कळलं तर? मधल्या काळाची थकबाकी, त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज आणि वर दंड. मागच्या महिन्यांचा कामगाराचा हिस्सा आताच्या पगारातून कापता येत नाही, त्यामुळे दोन्ही हिस्से मालकाच्या खिशातून जातात. छोट्या उद्योगात एचआरचं पहिलं काम हे आहे : डोकी बरोबर मोजणं. भरती, मुलाखती, वाढदिवसाचे केक हे सगळं त्यानंतर.

आकडे पाठ करून टाक, कारण माणसं वाढतील तसे कायदे एकेक करून आत येतात. महाराष्ट्रात ५ जण झाले की कामगार कल्याण निधी. १० झाले की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी एकरकमी रक्कम), प्रसूती रजा आणि लैंगिक छळ प्रतिबंधाची अंतर्गत समिती. या समितीची अध्यक्ष ज्येष्ठ महिला कर्मचारी हवी, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा लागतो. पुष्कळ ठिकाणी तो बाहेरचा सदस्य नेमायचाच राहतो. समिती न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. २० झाले की पीएफ, बोनस आणि तक्रार निवारण समिती. ५० झाले की पाळणाघर.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत विरले. तुझ्या दृष्टीने ही चांगली वेळ आहे, कारण वीस वर्षं या खात्यात काढलेल्या माणसालाही आता नव्याने शिकावं लागतंय. छोट्या कारखान्याला यातल्या तीन गोष्टी लगेच जाणवतील. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावंच लागतं. माणूस राजीनामा देवो की काढून टाकला जावो, त्याचा उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. 'हिशेब पुढच्या महिन्यात बघू' ही जुनी सवय त्यामुळे मोडावी लागणार. आणि तिसरी गोष्ट म्हणजे वेतनाची व्याख्या. तिच्यावर जरा थांबू, कारण मुलाखतीत याच प्रश्नावर उमेदवार अडखळतात.

एका सुपरवायझरचा एकूण पगार ३२,००० रुपये आहे असं धर. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १४,००० आणि घरभाडे, प्रवास वगैरे भत्ते १८,०००. नवा नियम म्हणतो, वेतनातून वगळलेले भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त असतील तर जास्तीची रक्कम वेतनात परत धरायची. निम्मे म्हणजे १६,०००. भत्ते त्याहून २,००० ने जास्त आहेत, म्हणून वेतन १४,००० नाही, १६,००० झालं. हा माणूस दहा वर्षांनी निघाला तर ग्रॅच्युइटी १६,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले १०, म्हणजे ९२,३०८ रुपये. जुन्या पद्धतीने १४,००० वर काढली तर ८०,७६९. फरक ११,५३९ रुपयांचा, तोही एका माणसामागे. भागाकार २६ ने करायचा, ३० ने नाही. ही चूक इतकी सर्रास होते की मी ती वेगळी सांगतो आहे.

महिन्याची घडी अशी बसते : ७ तारखेच्या आत पगार, १५ तारखेच्या आत पीएफ आणि ईएसआयचा भरणा. पीएफ दोन्हीकडून १२ टक्के. मालकाच्या १२ मधले ८.३३ टक्के पेन्शनला जातात, पण १५,००० रुपयांच्या मर्यादेमुळे १,२५० हून जास्त नाहीत. ईएसआय दरमहा २१,००० पर्यंत वेतन असलेल्यांना, कामगाराचे ०.७५ आणि मालकाचे ३.२५ टक्के. इथे एक खाचखळगा आहे. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन काळ असतात. जुलैत पगारवाढ होऊन कोणी २१,००० च्या वर गेला तरी सप्टेंबरअखेर त्याची कपात चालूच ठेवायची. जुलैतच बंद केली तर फरक भरावा लागतो आणि त्या कामगाराचे लाभही अडकू शकतात. व्यवसाय कर १०,००० हून जास्त पगारावर महिन्याला २००, फक्त फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंत तो नाही. कल्याण निधी जून आणि डिसेंबरमध्ये, कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये. रक्कम किरकोळ असते म्हणूनच ती विसरली जाते.

नवा माणूस कामावर आला की त्याची ईएसआय नोंदणी त्याच दिवशी, यंत्रावर उभा राहण्याआधी. 'महिनाभर टिकतो का बघू, मग नाव घालू' हा छोट्या कारखान्यांचा लाडका हिशेब आहे, आणि हात सापडतो तो नेमका दुसऱ्या आठवड्यात. नोंदणी नसलेल्या माणसाच्या अपघाताचा भार मालकावर येतो. पीएफसाठी त्याचा जुना यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक) विचारून घे, नवा काढू नकोस. नाव, जन्मतारीख आधारशी अक्षरन् अक्षर जुळव. माणूस सोडून गेला की सोडल्याची तारीख पोर्टलवर भर. ती न भरल्याने पैसे काढताना अडलेले कामगार वर्षभराने दारात येतात, तेव्हा त्यांना उत्तर देणारं कोणी नसतं.

आता तुझ्या कमी बोलण्याबद्दल. या नोकरीत जास्त बोलणारी माणसंच जास्त अडचणीत येतात. सगळ्यात महाग पडणारं वाक्य म्हणजे "उद्यापासून येऊ नकोस." मालक ते रागात बोलतो आणि कामगार न्यायालयात ते 'चौकशीविना बडतर्फी' होतं. मग परत कामावर घेण्याचा आणि मागचा पगार देण्याचा आदेश येऊ शकतो. गैरवर्तन झालंच असेल तर रस्ता लांब पण सरळ आहे. घटना, तारीख, वेळ, साक्षीदार लिहिलेलं आरोपपत्र कामगाराला समजेल त्या भाषेत द्यायचं. उत्तराला पुरेसे दिवस. उत्तर पटलं नाही तर घटनेशी संबंध नसलेला चौकशी अधिकारी, साक्षी, उलटतपासणीची संधी, अहवाल, त्यावर पुन्हा कामगाराचं म्हणणं, आणि मग शिक्षा. चौकशी चालू असताना निलंबन केलं तर निर्वाह भत्ता द्यावा लागतो. तो थांबवला तर सगळी चौकशीच कोसळू शकते.

न सांगता गायब होणाऱ्यांचंही तसंच. 'तो स्वतःच सोडून गेला' असं गृहीत धरता येत नाही. त्याच्या गावच्या पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने कामावर हजर होण्याचं पत्र पाठवायचं, मग दुसरं. पाकीट परत आलं तर ते फोडायचं नाही. टपालखात्याच्या शेऱ्यासह बंद पाकीटच फाइलला लावायचं, तोच पुरावा. आणि नेमणुकीच्या दिवशी कोऱ्या कागदावर सह्या घेऊन ठेवणारे मालक भेटले तर तू त्यात हात घालू नकोस. परिवीक्षा (प्रोबेशन) वाढवायची असेल तर मूळ मुदत संपण्याआधी लेखी पत्र द्यायचं; संपल्यावर दिलेल्या पत्राने भांडणच उभं राहतं.

ठेकेदाराच्या नऊ जणांकडेही तुलाच बघावं लागेल. त्याचं बिल पास करण्याआधी त्या महिन्याचं पीएफ आणि ईएसआयचं चलन माग, आणि चलनासोबतच्या यादीत त्या नऊ जणांची नावं आहेत का ते हजेरीशी ताडून बघ. दुसऱ्याच साइटचं चलन दाखवून बिल काढणं ही जुनी युक्ती आहे. त्याने भरलं नाही तर वसुली मुख्य मालकाकडून होते.

मग नोकरी घ्यावी का? मालकांना भेटून २६ चा हिशेब शांतपणे सांग. ते म्हणाले, "अरे, हे माहीत नव्हतं, काय करावं लागेल?" तर घे, दोन वर्षांत इथे जे शिकशील ते मोठ्या कंपनीच्या भरती विभागात पाच वर्षांत हाताला लागणार नाही. ते म्हणाले, "ते तू बघू नकोस, माझा माणूस आहे," तर घेऊ नकोस, कारण उद्या निरीक्षकासमोर नोंदवह्या घेऊन बसणार आहेस तू. आणखी दोन गोष्टी विचार. महिन्याचं चलन कोण काढतं? बाहेरचा लेबर कन्सल्टंट काढत असेल तर हरकत नाही, पण पोर्टल तुला बघायला मिळावं. आणि कारखान्याच्या परवान्यावर 'मॅनेजर' म्हणून नाव कोणाचं आहे? तिथे तुझं नाव घालायला होकार देऊ नकोस. तो मान नसून उल्लंघनासाठी वैयक्तिक जबाबदारी आहे.

ही नोकरी जमली नाही तर एखाद्या लेबर कन्सल्टंटच्या कार्यालयात जा. पगार बेताचाच मिळेल, पण एकाच वेळी कितीतरी आस्थापनांची पगारपत्रकं हाताखालून जातात. तिथेही सॉफ्टवेअर असतं, पण पहिल्या महिन्याचं पगारपत्रक एक्सेलमध्ये स्वतः सूत्रं घालून कर, म्हणजे सॉफ्टवेअरने कुठे चुकवलं ते पुढे ओळखता येईल.

एमबीए वाईट नाही, फक्त आत्ता घाईचं नाही. नोकरीसोबत कामगार कायद्याची पदविका कर. पुढे पूर्णवेळ शिकायचं झालं तर मुंबईच्या नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेतला पदव्युत्तर अभ्यासक्रम नजरेसमोर ठेव. कुठेही शुल्क भरण्याआधी एक चौकशी कर : २५० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावा लागतो, त्या पदासाठी हा अभ्यासक्रम राज्य सरकारच्या मान्य यादीत आहे का? असेल तर त्याचं लेखी उत्तर संस्थेकडून घे. माहितीपत्रकातली ओळ पुरेशी धरू नकोस.