एका गुणाचा विजय आणि आपला हिशोब

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच सामन्याभोवती फिरतात: १२ ऑक्टोबर २०२४ला युजीनमध्ये झालेला, अमेरिकन फुटबॉलमधला ओरेगन विरुद्ध ओहायो स्टेट, ३२-३१. जिंकलेलेही रागावलेत आणि हरलेलेही. मी स्वतः मिशिगनची, त्यामुळे या दोन्ही संघांवर माझा जीव नाही. पण कॉलेज फुटबॉलवर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रश्न : आम्ही पोर्टलंडजवळ राहतो. सामना आमच्या घरी सहा कुटुंबांनी मिळून पाहिला. ओरेगन जिंकल्यावर मी आनंदाने नाचत होतो आणि माझा सख्खा मेव्हणा म्हणाला, "जिंकले कसले, कोचने अप्रामाणिकपणे जिंकवलं." शेवटच्या दहा सेकंदांत आपल्या बचावात अकराऐवजी बारा खेळाडू होते, हा त्याचा मुद्दा. दुसरा मित्र म्हणतो की शेवटी एका गुणावर जीव टांगणीला लावायची वेळच का आली, अमक्याला चेंडू जास्त का दिला नाही. वाद रात्री एकपर्यंत चालला. जिंकल्यावर असं उकरून काढणं म्हणजे कृतघ्नपणा नाही का?

उत्तर : आधी बारा खेळाडूंचं. ज्यांनी सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ओरेगन एका गुणाने पुढे होतं, दहा सेकंद उरले होते, चेंडू ओहायो स्टेटकडे होता आणि जिंकायला त्यांना फक्त एक फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून मारलेल्या किकचे तीन गुण हवे होते. किक आवाक्यात यावी म्हणून त्यांना आणखी थोडं पुढे सरकायचं होतं. त्या प्लेला (चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतचा एक डाव) ओरेगनचे बारा जण मैदानात होते. पास पडला. पंचांनी पाच यार्डांचा दंड केला, पण प्लेमध्ये गेलेले चार सेकंद परत आले नाहीत. उरले सहा. पुढच्या प्लेला ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, चेंडू घेऊन धावला आणि घसरून खाली बसला, तोवर घड्याळ शून्यावर गेलं होतं.

आता हिशोब बघा. त्या क्षणी ओहायो स्टेटसाठी पाच यार्डांपेक्षा चार सेकंद कितीतरी मोलाचे होते. एक जादा माणूस ठेवून ओरेगनने पास अडवणं सोपं केलं, आणि त्याची किंमत मोजली ती स्वस्तातल्या नाण्यात. कोच डॅन लॅनिंग यांनी दोन दिवसांनी पत्रकारांशी बोलताना जे सुचवलं त्यावरून तरी ही चूक नव्हती, आधी तयार ठेवलेली चाल होती. नियमपुस्तकात त्या दिवशी या अपराधाला पाच यार्ड एवढाच दंड होता. म्हणून तुमच्या मेव्हण्यांना माझं सांगणं असं की नियमातली फट शोधणं हे कोचचं कामच आहे, आणि फट बुजवणं हे नियम करणाऱ्यांचं. त्यांनी ती बुजवलीही. चारच दिवसांनी, बुधवारी, एनसीएएने (कॉलेज खेळांचे नियम करणारी संस्था) खुलासा काढला: शेवटच्या दोन मिनिटांत बचाव संघाने बारा जणांनी प्ले खेळला, तर दंडासोबत गेलेले सेकंदही परत मागायचा हक्क समोरच्या संघाला मिळेल. खुलासा इतक्या तातडीने निघाला यातच चाल किती अचूक होती ते कळतं. मला ती आवडली.

पण तुमचा खरा प्रश्न कृतघ्नपणाचा आहे. मी अमेरिकेत १९९० साली आले. माझा पेशा हिशोब तपासण्याचा. फायद्यात चाललेल्या दुकानाचे हिशोब आपण तपासत नाही का? उलट तेव्हाच शांतपणे तपासता येतात. हरल्यावर जो तो कोचची नोकरी मागतो, त्या रागात धड बोलणं होत नाही. जिंकल्यानंतरच्या रविवारी मात्र डोकं थंड असतं, हातात चहा असतो, आणि तीन ठिकाणी आपण कसे वाचलो ते निवांत बघता येतं. तुमच्या घरातला रात्री एकपर्यंतचा वाद मला तरी प्रेमाचाच वाटला.

मात्र त्या वादातले दोन मुद्दे मी एका पंगतीला बसवणार नाही. घड्याळ, टाइमआउट (घड्याळ थांबवायची संधी), चौथ्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या शेवटच्याला, खेळायचं की पंट मारायचा (लाथेने चेंडू दूर समोरच्याकडे द्यायचा), टचडाउननंतर (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन सहा गुण मिळाल्यावर) किक मारून एक गुण घ्यायचा की पुन्हा रेषेपार जाऊन दोनसाठी जायचं, या गोष्टी आपल्याला कोचइतक्याच दिसतात. स्कोअर समोर असतो, सेकंद समोर असतात, यार्ड समोर असतात. तिथे चाहत्याने कोचला जाब विचारावा, अगदी जिंकल्यावरही. पण "अमक्याला चेंडू का दिला नाही" हे आपल्याला दिसत नाही. मंगळवार-बुधवारचा सराव आपण पाहिलेला नसतो. त्या पोराचा घोटा दुखतोय का, त्याने आठवडाभर चुकीच्या वाटेने धावून क्वार्टरबॅकला गोंधळात टाकलंय का, हे कोचला ठाऊक असतं आणि तो ते कधीच चारचौघांत सांगणार नाही, सांगूही नये. मेव्हण्यांशी खुशाल भांडा, त्यांच्या मुद्द्याला आकडे आहेत. मित्राला म्हणावं, तुझं म्हणणं बरोबरही असेल, पण तुझ्या-माझ्याकडे पुरावा नाही.

प्रश्न : २०२३ साली मायामी विरुद्ध जॉर्जिया टेक सामन्यात मायामीने नुसता गुडघा टेकला असता तर जिंकले असते, असं सगळे म्हणतात. गुडघा टेकून सामना संपतो तो कसा? किती वेळ उरला असताना हे चालतं? (डॅलस)

उत्तर : क्वार्टरबॅकने चेंडू घेऊन गुडघा टेकला की प्ले तिथेच संपतो, पण घड्याळ चालू राहतं. पुढचा प्ले सुरू करायला ४० सेकंद मिळतात. म्हणजे एका गुडघ्यात साधारण दोन सेकंद प्लेचे आणि चाळीस वाट बघण्याचे, असे बेचाळीस जातात. समोरच्याकडे टाइमआउट नसेल, आणि तुमचा पहिला डाउन असेल, तर दोन मिनिटं उरल्यापासून तीनदा गुडघा टेकून सामना मिटवता येतो: दोन मिनिटांवरून एक अठरा, मग छत्तीस सेकंद, आणि तिसऱ्यानंतर उरलेले सेकंद चाळीसच्या आत संपतात. समोरच्याकडे जितके टाइमआउट, तितक्यांदा तुमचे चाळीस सेकंद वजा करा. २०२४पासून कॉलेजमध्येही दोन मिनिटांवर सक्तीचा थांबा आला आहे, तोही ध्यानात ठेवा.

आता ७ ऑक्टोबर २०२३. मायामी २०-१७ पुढे, चेंडू त्यांच्याकडे, तिसरा डाउन, घड्याळात चाळीस सेकंदांपेक्षा कमी वेळ, आणि जॉर्जिया टेककडे एकही टाइमआउट नाही. एक गुडघा, की संपलं. मायामीने चेंडू धावणाऱ्याच्या हातात दिला. तो सुटला, टेकने उचलला, आणि एक सेकंद उरला असताना टचडाउन करून २३-२० असा सामना नेला. हातातोंडाशी आलेला घास गेला. कोच मारिओ क्रिस्टोबाल यांनी नंतर मान्य केलं की आपण मध्ये पडून गुडघा टेकायला सांगायला हवं होतं.

हेच क्रिस्टोबाल २०१८ साली ओरेगनचे कोच होते. तेव्हा स्टॅनफर्डविरुद्ध ३१-२८ पुढे असताना शेवटच्या मिनिटात त्यांनी धावायचंच ठरवलं, चेंडू सुटला, स्टॅनफर्डने बरोबरी साधली आणि जादा वेळेत ३८-३१ जिंकले. त्या दिवशी हिशोब इतका सरळ नव्हता, नुसत्या गुडघ्यांनी सगळे सेकंद संपले नसते. पण एकदा हात पोळल्यावर पुढच्या वेळी बाजूला उभं राहून सेकंद मोजणारा एक माणूस ठेवायला काय हरकत होती? या निर्णयाला मी मायेने बघू शकत नाही. इथे कौशल्य लागत नव्हतं, वजाबाकी लागत होती. आणि वजाबाकी चुकली कोचची, पण टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवला गेला तो चेंडू सुटलेला मुलगा.

प्रश्न : आमचा संघ चौदाने मागे होता. टचडाउन केल्यावर आठने मागे राहिला. तेव्हा कोचने सरळ एक गुण घ्यायचा सोडून दोनसाठी प्रयत्न केला. माझे वडील त्याला वेडा म्हणाले. आम्ही शेवटी एका गुणाने जिंकलो, तरी ते वेडाच म्हणतात. कोण बरोबर?

उत्तर : कोच. वडिलांना कागद-पेन्सिल द्या. धरून चाला की संघ दुसरा टचडाउनही करतो, समोरचा काही करत नाही, आणि साधी किक चुकत नाही. दोन्ही वेळा एकेक गुण घेतला तर बरोबरी, मग जादा वेळ, म्हणजे शंभरात पन्नास विजय.

आता दोनसाठी जा. तीन यार्डांवरून होणारा हा प्रयत्न शंभरात पंचेचाळीस वेळा जमतो असं धरू. जमला तर पुढच्या टचडाउननंतर एक गुण घेऊन तुम्ही थेट जिंकता, जादा वेळेची भानगडच नाही. हे झाले पंचेचाळीस विजय. उरलेल्या पंचावन्नात दुसऱ्या टचडाउनला पुन्हा दोनसाठी जा. त्यातले सुमारे पंचवीस जमतील आणि बरोबरी होईल, त्यातले निम्मे जादा वेळेत तुमचे. एकूण सत्तावन्न. पन्नासपेक्षा सत्तावन्न मोठे. तुमच्या संघाचा हा प्रयत्न चाळीस टक्केच जमत असेल तरी बावन्न येतात. अडतीसच्या खाली गेला तर वडील बरोबर.

लोकांना हे अंगावर येतं, कारण पहिला प्रयत्न फसला की ती चूक डोळ्यांसमोर दिसते, आणि जादा वेळेत हरलं की ते नशीब वाटतं. बर्कलीचे अर्थतज्ज्ञ डेव्हिड रोमर यांनी २००६ साली व्यावसायिक फुटबॉलमधल्या चौथ्या डाउनबद्दल असंच दाखवलं होतं, की कोच पंट आणि किक गरजेपेक्षा फार जास्त मारतात. शिव्या टाळणारा निर्णय आणि सामना जिंकवणारा निर्णय पुष्कळदा वेगळे असतात. तुमच्या कोचने शिव्या पत्करल्या. त्यांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : दोनसाठी जाऊन हरलेला कोच तुमच्या मते बरोबर असू शकतो का? (लिंकन, नेब्रास्का)

उत्तर : लिंकनहून पत्र आलं म्हणजे तुम्ही नेब्रास्काचे तेव्हाचे कोच टॉम ऑस्बर्न यांच्याबद्दलच विचारताय. २ जानेवारी १९८४, ऑरेंज बोल (हंगामाअखेरचा एक मोठा सामना), मायामीविरुद्ध ३१-३०. तेव्हा जादा वेळ नव्हता, तो १९९५-९६ मध्ये आला. एक गुण घेऊन बरोबरी केली असती तर अपराजित नेब्रास्काला राष्ट्रीय विजेतेपद मिळण्याची दाट शक्यता होती. ते दोनसाठी गेले, पास हुकला, विजेतेपद मायामीला गेलं. माझ्या हिशोबाने किक मारणं फायद्याचं होतं. पण बरोबरीवर विजेता म्हणवून घ्यायचं नाही, जिंकायला आलोय तर जिंकूनच जायचं, हे त्यांनी ठरवलं, आणि ते आकड्यांत बसत नाही. मी त्या निर्णयाला चूक म्हणणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच मजल्यावर संघाचा किकर राहतो. गेल्या आठवड्यात त्याची एक किक हुकली. संघ कसाबसा दोन गुणांनी जिंकला, तरी त्या मुलाला फोनवर इतके घाणेरडे संदेश आले की तो दोन दिवस खोलीबाहेर पडला नाही. माझा मुलगा विचारतो, मी त्याला काय म्हणू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

१७ ऑक्टोबर २०१५ ला मी अ‍ॅन आर्बरच्या स्टेडियममध्ये होते. मिशिगन २३-२१ पुढे, दहा सेकंद उरलेले, चौथा डाउन. फक्त पंट मारायचा होता. चेंडू खाली आला, पंटरच्या हातातून निसटला, मिशिगन स्टेटच्या खेळाडूने तो पकडून ३८ यार्ड धाव घेतली आणि आम्ही २७-२३ हरलो. लाखाच्या वर माणसं, आणि आमच्या रांगेत कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. शेजारच्या बाईंनी पांघरूण घडी करायला घेतलं आणि अर्धवट तसंच हातात धरून उभ्या राहिल्या.

त्या रात्री त्या पंटरला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. कोचांची नावं लिहिते, कारण निर्णय त्यांचे असतात आणि त्यासाठी त्यांना कोट्यवधी डॉलर मिळतात. टेक्सस ए अँड एमने २०२३ साली कोच जिंबो फिशर यांना काढलं तेव्हा नुसतं काढण्यापोटी ७ कोटी ६० लाख डॉलरच्या आसपास देणं लागत होतं. त्या संध्याकाळीही विचारण्यासारखा प्रश्न होता तो कोच जिम हार्बॉ यांना: स्टेटने पंट झेलायला मागे कुणी ठेवलेलंच नाही, सगळे चेंडूवर तुटून पडणार आहेत, मग आपले दोन खेळाडू दूर कडेला का उभे केले, जवळ अडवायला का आणले नाहीत? हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे. आणि ज्या मुलाने तो चेंडू उचलून सामना जिंकला, त्याचं त्याच प्लेमध्ये खुब्याचं हाड मोडलं. त्यालाही त्या रात्री इस्पितळातच झोपावं लागलं.

तुमच्या मुलाला सांगा, किकबद्दल काही बोलू नकोस. "होतं असं" नको, "पुढच्या वेळी जमेल" तर अजिबात नको, ते त्याला दिवसातून पन्नास जण म्हणत असतील. दार वाजवायचं, जेवायला चल म्हणायचं. नाही म्हणाला तर ताट खोलीत न्यायचं आणि तिथेच बसून आपलंही जेवायचं. फोन एक-दोन दिवस दुसऱ्या कुणाकडे ठेवायला त्याची तयारी असेल तर ठेवून घ्या. धमकी असलेला एकही संदेश पुसू देऊ नका, तो संघाच्या कचेरीत आणि विद्यापीठाच्या पोलिसांकडे गेला पाहिजे. आणि तो स्वतःहून किकबद्दल बोलू लागला तर मुलाने ऐकून घ्यावं, मध्ये न बोलता.

येत्या शनिवारी त्यांचा सामना असेल तर मला कळवा. मी बघेन.