धडगाव-तोरणमाळकडचे पाडे आणि रस्ते ऑफलाइन नकाशाच्या ॲपमध्ये दिसत नाहीत. तक्रार कुठे करायची?

ॲपवाल्यांना लिहून उपयोग नाही, कारण रस्ते त्यांचे नाहीतच. ऑरगॅनिक मॅप्स, ओस्मअँड ही ॲप्स ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरतात. 2004 साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या या नकाशात खातं उघडून कुणीही भर घालू शकतं. पाडा दिसत नाही म्हणजे बहुतेक तो अजून कुणी काढलेलाच नाही. तुम्ही काढा.

दुकान, दवाखाना ॲपमधूनच टाकता येतो. रस्त्यासाठी मात्र ओपनस्ट्रीटमॅपच्या वेबसाइटवर जाऊन उपग्रहचित्रावर रेघ ओढायची. गूगलच्या नकाशातून बघून काही उतरवू नका, परवान्यात बसत नाही.

खरं काम पुढे आहे. वरून रस्ता दिसतो, पण पावसाळ्यात नाल्यावरच्या फरशीवरून पाणी वाहतं आणि गाडी अलीकडेच अडकते, हे चित्रात कुठून दिसणार? ते गावातल्या माणसालाच माहीत. फरशी पुलासाठी, पाण्याखाली जाणाऱ्या रस्त्यासाठी वेगळ्या नोंदी आहेत, त्या जरूर करा. डांबरी की कच्चा तेही लिहा. वाट निवडताना ॲप ते बघतं. पाड्याचं नाव तिथले लोक म्हणतात तेच, देवनागरीत.

बदल वेबसाइटवर लवकर दिसतो, ॲपमध्ये नवा नकाशा आल्यावरच. निघण्याआधी वायफायवर महाराष्ट्राचा नकाशा अपडेट करा, आणि तोरणमाळ हद्दीलगत असल्याने मध्य प्रदेशचाही उतरवून घ्या.