झाकण उघडं ठेव

प्रिय मुली,

परवा फोनवर तू दोनदा म्हणालीस, "सर, मला नुसतं साथीला बसवलंय." त्या 'नुसतं'वर मी अडकलो ते अजून तिथंच आहे. फ्रेंच गाण्यांचं रेकॉर्डिंग, गायिका नावाजलेली, आणि तिच्या माणसांचं म्हणणं की पियानो जरा मागे असू दे. करू की सोडू, विचारतेस. सोडायचा प्रश्नच नाही. पण या गाण्यांत साथ नावाचा प्रकार नसतो, एवढं डोक्यात पक्कं करून मगच स्टुडिओत पाय ठेव.

यादीत फ्रेंच संगीतकार फोरेचं 'क्लेर द ल्यून' आहे ना? 1887 चं, कवी व्हर्लेनच्या कवितेवरचं. नोटेशन काढ आणि बघ. सुरुवातीला बराच वेळ गायिका गप्प उभी असते. मिन्युएट, म्हणजे जुन्या फ्रेंच नाचाचं संगीत, तू वाजवतेस, तो तिच्यावाचून पूर्ण आहे. मग ती येते, तीही तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत, खोलीतून जाता जाता कुणी काही बोलून जावं तशी. तुझा नाच तिच्यासाठी थांबत नाही. आता सांग, साथ कोण कुणाची करतंय? आपल्याकडे पेटीवाला गळ्याच्या मागोमाग जातो. ती कला वेगळी आणि अवघड. इथं तसं मागोमाग गेलीस की गाणं कोसळलंच.

मी एवढा चिडून का लिहितोय? एकतीस वर्षांचा असताना दुपार्क या फ्रेंच संगीतकाराची गाणी रेकॉर्ड करायला बसलो होतो. पियानो मोठा वाटतोय, म्हणाले. माइक लांब नेला. मग पियानोचं झाकण लावलं. मग वर जाड चादर टाकली. मी प्रत्येक वेळी "चालेल" म्हणालो. त्यातल्या 'लँव्हितास्यों ओ व्हॉयाज'मध्ये पियानोचे ते बारीक, थरथरते सूर म्हणजे पाण्यावरचा उजेड; आमच्या रेकॉर्डिंगमध्ये शेजारच्या खोलीत पंखा फिरतोय असं वाटतं. दुपार्कनं सदतिसाव्या वर्षी लिहिणं थांबवलं, मागे जेमतेम सतराएक गाणी ठेवली, आणि त्यातल्या एकाचा मी पंखा केला.

तेव्हापासून झाकण लावून मी वाजवलेलं नाही. चार जणांनी परत बोलावलं नाही, हेकट म्हणाले. म्हणू देत. (खरं सांगायचं तर त्यातल्या दोघांच्या वेळी मी खरोखरच जोरात वाजवत होतो. पण आवाज हातानं कमी करायचा असतो, झाकणानं नव्हे. हे त्यांना तेव्हा नीट सांगता आलं नाही, एवढीच माझी चूक.)

1936 मध्ये गायिका मॅगी टेट आणि आल्फ्रेड कोर्तो यांनी लंडनला फ्रेंच संगीतकार देब्युसीची गाणी ध्वनिमुद्रित केली, ती ऐक. कोर्तो तेव्हा जगातल्या मोठ्या पियानोवादकांपैकी एक, आणि टेट तरुणपणी खुद्द देब्युसीकडे शिकलेली. त्याच्या 'बिलितिस' या गीतमालेतलं तिसरं गाणं लाव. गोठलेल्या रानातून एक मुलगी चालली आहे. ती चाल गळ्यात नाही, पियानोत आहे. एकसारखी, बर्फात पाय उचलत गेल्यासारखी. सुई खरखरते, तरी पावलं ऐकू येतात. कोर्तोला कुणी 'जरा मागे' म्हणालं असतं का? आणि म्हणालं असतं, तर ती मुलगी चालली कशावर असती?

तेव्हा गायिकेला आधीच भेट. स्टुडिओत नको, तिथं घड्याळाचे पैसे पडतात आणि माणसं लवकर तुटतात. तिच्याकडून कविता नुसती वाचून घे, दोनदा. ती श्वास कुठं घेते ते पेन्सिलनं नोंदव. मग सांग, झाकण उघडं राहील, मी हळू वाजवीन. दोन्ही वाक्यं एका दमात. नुसतं पहिलंच बोललीस तर माझ्यासारखी घरी बसशील.

आणि स्टूल आधी हलवून बघ. आमच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या गाण्याच्या शेवटी माझं स्टूल कुरकुरतं, आणि ते मात्र अगदी स्वच्छ आलंय.

तुझा,
सर