पहाटे अंधारात धावण्यासाठी किती ल्युमेनचा हेडलॅम्प घ्यावा?

डांबरी रस्त्यावर धावण्यासाठी २०० ते ३०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक), १०० ग्रॅमच्या आत वजनाचा आणि खाली झुकवता येणारा हेडलॅम्प पुरेसा आहे. सह्याद्रीतील दगडधोंड्यांच्या पायवाटेसाठी मात्र ४०० ल्युमेनच्या आसपासचा घ्यावा. खोक्यावर छापलेल्या बॅटरी टिकण्याच्या तासांवर फार विसंबू नये, कारण एएनएसआय एफएल-१ या टॉर्च-हेडलॅम्पसाठीच्या अमेरिकी मानकानुसार ते तास प्रकाश मूळच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंत मोजले जातात, म्हणजे धावण्याजोगा उजेड त्याच्या बराच आधी संपलेला असू शकतो. पावसाळ्यासाठी आयपीएक्स-४ दर्जा (म्हणजे कोणत्याही बाजूने उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण) बहुधा पुरतो. अपवाद दाट धुक्याचा: कपाळावरचा प्रकाश धुक्यावरून उलटून डोळ्यांवरच येतो, त्यामुळे घाटमाथ्यावर तोच दिवा हातात धरणे किंवा कमरपट्ट्याला अडकवणे अधिक सोयीचे ठरते.