सूटकेस उघड आधी

पत्र असं आहे: "ताई, परदेशात येऊन आठ महिने झाले. नोकरी ठीक, पगार ठीक, पण कशातच मजा नाही. दोन वर्षांनी परतच जायचंय म्हणून काही घेतलं नाही, गादी जमिनीवर, कपडे अजून सूटकेसमध्ये. माझी रूममेट रोज रात्री गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन 'आहाहा' करत झोपते, मला तिचा हेवा वाटतो आणि रागही येतो. फोनवर घरी सगळं मस्त आहे म्हणून सांगते. आई तिकडे एकटी सगळं ओढतेय आणि मी इथे सुखं शोधत बसू का? माझंच काही बिघडलंय का? — पाहुणी"

अगं पाहुणी, नाव काय बरोब्बर घेतलंयस, मुद्दाम की चुकून देव जाणे.

बिघडलं वगैरे काही नाही. १९५५ साली स्वेरे लिसगार्ड नावाच्या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून आलेल्या दोनशेच्या वर नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास छापला, त्यात ६ ते १८ महिने राहिलेले लोक सगळ्यात कमी रुळलेले निघाले, त्याहून कमी राहिलेले बरे आणि त्याहून जास्त राहिलेलेही बरे. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, नंतरच्या अभ्यासांत वेगळंही दिसलंय. पण तू आठव्या महिन्यात आहेस, म्हणजे नव्याची नवलाई संपली आणि सवय अजून झाली नाही, मधल्या मधे लटकलीयस.

पण खरी गोम मला त्या सूटकेसमध्ये दिसते. तू राहतच नाहीयेस तिथे, वेटिंग रूममध्ये बसलीयस. वेटिंग रूममध्ये कोणी उशी नीट करत नाही, गाडी येईल म्हणून पाय आखडून बसतो माणूस. दोन वर्षं म्हणजे सातशे तीस रात्री गं! मी पण हेच केलंय म्हणून सांगते. परदेशात होते तेव्हा पहिलं वर्षभर टॉवेलसुद्धा बॅगेतून काढायचा आणि वाळला की परत बॅगेत, का ते विचारू नकोस. मग एका थंडीत मोजे ओले राहिले म्हणून रात्री खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर टाकले आणि सकाळी अंधारात ते गरमगरम मोजे पायात घातले, आणि मी पलंगाच्या कडेला तशीच बसून राहिले पाचेक मिनिटं, ऑफिसला उशीर झाला तरी. त्यानंतर रोज रात्री मोजे तिथे. (हे गरम पाणी फिरतं त्या रेडिएटरचं सांगतेय, इलेक्ट्रिक हीटरवर कपडा टाकलास तर आग लागेल, तेवढं लक्षात ठेव.) त्याच रविवारी बॅग रिकामी केली आणि माळ्यावर टाकली.

तेव्हा तूही या सुट्टीला सूटकेस रिकामी कर, कपडे कपाटात, नसेल तर नुसता हँगरचा रॅक आण. मग खोलीतला दिवा बघ. भाड्याच्या खोल्यांत बऱ्याचदा पांढराफटक बल्ब असतो, ६५०० केल्विनवाला (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), त्यात आपली खोली पण दवाखान्यासारखी दिसते. २७०० केल्विन लिहिलेला पिवळसर बल्ब घे, छोटा टेबल लॅम्प असेल तर अजूनच छान. झोपायच्या तास-दीड तास आधी कोमट-गरम पाण्याने अंघोळ कर, ४० डिग्रीच्या आसपास, आधी कातडीला ऊब मिळते आणि मग शरीर आतून थंड व्हायला लागतं, झोप लवकर लागते. थंडीत हीटरने घरातली हवा कोरडी पडते, अंग खाजतं, ओठ फुटतात आणि आपल्याला वाटतं आपण उगाच चिडचिड करतोय, तर अंग थोडं ओलसर असतानाच क्रीम लाव. बास, एवढंच, लगेच बाजारभर फिरून घर सजवायला जाऊ नकोस.

आता आईचं. हे मला जास्त टोचलं. तू जमिनीवर झोपलीस म्हणून तिकडे आईचं एक काम तरी कमी झालं का? तुझ्या पाठीला रग लागते आणि तिला ते माहीतही नाही, म्हणजे हा उपास कोणाच्याच खात्यात जमा होत नाही. मदत करायचीय तर सरळ विचार, आई कुठलं काम जड जातंय, पैशाने सुटेल ते पैशाने सोडव, बाकीचं भावंडांशी, नातेवाईकांशी बोलून वाटून घे. आणि हे "सगळं मस्त" बंद कर बाई. आयांना आवाजावरून कळतं, त्या फक्त कळलंय असं दाखवत नाहीत. पुढच्या फोनला एवढंच सांग की थंडी फार आहे आणि मला कंटाळा आलाय.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. दोन आठवड्यांहून जास्त रोजच्या रोज उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, तर बल्ब बदलून भागणार नाही, डॉक्टरला गाठ. जगणं नको असं मनात आलं तर दोन आठवडेही थांबू नकोस, त्याच दिवशी कोणाला तरी सांग, रूममेटला सांगितलंस तरी चालेल.

आणि रूममेटवर राग कशाला, एक दिवस पिशवी मागून घे की तिची. उकळतं पाणी ओतायचं नाही, जरा निवू द्यायचं, दोन तृतीयांशच भरायची, दाबून हवा काढायची मग झाकण घट्ट, आणि वर टॉवेल गुंडाळून झोपायच्या आधी पंधरा मिनिटं पांघरुणात ठेवून द्यायची. जमिनीवरची गादी असली तरी चालते.